मार्चमधली तारीख

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, सांगलीत मी माझे पहिले नेक डिसेक्शन, म्हणजे मानेतल्या लसिकाग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया, सरांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करणार होतो. रुग्ण जत तालुक्यातल्या साठीच्या मावशी होत्या. मशेरीमुळे डाव्या गालाच्या आत जेमतेम अडीच सेंटिमीटरची जखम झाली होती, तोंड तीन बोटे उघडत होते आणि मानेत गाठ हाताला लागत नव्हती. कर्करोग शल्यचिकित्सेचा विद्यार्थी शिकतो तो अशाच रुग्णांवर, कारण ग्रंथी शिरेला चिकटलेल्या नसतात तेव्हाच शिकाऊ हाताला सावकाश जाण्याची मुभा मिळते.

२५ मार्चला टाळेबंदी लागली आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. ‘तारीख फोनवर कळवतो’ असे मावशींना मीच सांगितले आणि आठवड्याभरात कोविड वॉर्डात रुजू झालो. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे घड्याळ त्या काळातही चालूच होते.

ऑगस्टमध्ये मावशी परत आल्या तेव्हा तोंड एक बोटही उघडत नव्हते, गालाची बाहेरची त्वचा फुटली होती आणि जबड्याखाली टणक गाठ होती. “तुमचा फोन येईल म्हणून वाट बघत बसलो, डॉक्टर,” एवढेच त्यांचा मुलगा म्हणाला.

आरटीपीसीआर निगेटिव्ह आल्यावर शस्त्रक्रिया झाली, पण ती आता माझ्या हाताबाहेरची होती. पीपीई किटमध्ये, धुके साचलेल्या गॉगलमधून मी सात तास रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून धरणारे हत्यार, धरून उभा राहिलो. गाठ इंटर्नल जुगुलर या मानेतल्या मोठ्या शिरेत रुतल्यामुळे सरांनी ती शीर वर-खाली बांधून गाठीसह काढली, मात्र खांदा उचलणारा स्पायनल ॲक्सेसरी मज्जातंतू तसूतसूने मोकळा करून वाचवला. मग जबड्याचा तुकडा काढून छातीच्या स्नायूचा फ्लॅप, म्हणजे त्वचेसह उचललेला तुकडा, वर आणला आणि गालाचे आतले व बाहेरचे अस्तर त्यातूनच शिवले. इतके नेटके काम मी पुन्हा क्वचितच पाहिले आहे. माझ्या लॉगबुकात त्याची नोंद ‘साहाय्य’ अशी झाली, आणि त्या वर्षी तशाच नोंदी वाढत गेल्या, कारण येणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण वरिष्ठांनीच करावा इतका पुढे गेलेला असे. ऑनलाइन व्याख्यानांनी ही उणीव भरून निघाली, असे म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. चरबी उचलताना शिरेची निळसर भिंत किती ताण सोसेल, हे बोटांनाच कळावे लागते.

माझे पहिले नेक डिसेक्शन पुढच्या जानेवारीत, दुसऱ्या रुग्णावर झाले. मावशींची जुनी फाईल त्यानंतर मी एकदा काढून पाहिली. ‘तारीख फोनवर कळवणे’ हे माझेच अक्षर होते. मार्चमध्ये वॉर्ड सोडताना मी सोपवलेल्या यादीत भरती रुग्ण होते, लांबवलेले रुग्ण नव्हते. ते कोणी पाहायचे हे ठरलेच नव्हते, आणि मीही विचारले नाही. त्यांच्या मुलाचा नंबर मात्र तेव्हापासून माझ्या मोबाइलमध्ये होता.