आमची वाटचाल : गोटी, क्रेट आणि फुकटचा फ्रीज

1977 साली परदेशी भांडवल 40 टक्क्यांवर आणण्याचा नियम कोका-कोलाला मान्य झाला नाही आणि ती कंपनी देश सोडून गेली. त्याच वर्षी पार्लेचं थम्स अप आलं. त्या सुमारास वडिलांनी कराडात गोटी सोड्याचा कारखाना काढला. साधा, लिंबू, जिरा. वर्षं बरी गेली.

पुढचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पेप्सी आली ती पंजाब अ‍ॅग्रो आणि व्होल्टास या देशी कंपन्यांना सोबत घेऊन, 1990 मध्ये ‘लेहर’ हे नाव पुढे लावून. 1993 मध्ये कोका-कोला परतली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा हे पार्लेचे ब्रँडच विकत घेतले. लोक म्हणतात, चव विकत घेतली. मी म्हणतो, गावोगाव पोचणारी गाडी आणि दुकानातली फळी विकत घेतली. बाजार दोघा-तिघांच्या मुठीत असला की बाहेरचा माणूस शून्यापासून सुरुवात करत बसत नाही, आतल्यालाच पैसे मोजतो.

याची झळ आम्हाला लागली ती फ्रीजमधून. तालुक्यातला शीतपेयांचा एक वितरक (नाव घेत नाही) दुकानदारांना फुकट फ्रीज देऊ लागला. अट एकच, आत दुसऱ्याची बाटली दिसता कामा नये. वर आमचे रिकामे क्रेटही उचलून नेले. धंद्यातल्यांना सांगायला नको, गोटीची बाटली हीच आपली पुंजी, ती परत आली तरच उद्याचा माल. ऐन एप्रिलमध्ये मशीनला लावायला बाटली नव्हती. पतपेढीचा हप्ता थकला, सोड्यात भरायच्या गॅसच्या सिलिंडरवाल्याने उधारी बंद केली. वडिलांनी शेड विकायची बोलणीही केली.

तगलो ते एसटी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्या अण्णांमुळे. त्यांनी फ्रीज नाकारला. मटणाच्या ताटावर गिऱ्हाईक जिरा सोडाच मागतं, मी दुसरं का देऊ, एवढंच त्यांचं म्हणणं. बर्फाच्या पेटीत आमचाच माल ठेवला आणि नव्या बाटल्यांसाठी पूर्ण उन्हाळ्याची अनामत आगाऊ दिली. त्या पैशांवर मशीन पुन्हा फिरलं.

ते मशीन अजून आहे. भरलेली बाटली उलटी होते, गोटी घरंगळत गळ्याशी येते आणि आतला दाब तिला रबराच्या कडीवर घट्ट बसवतो. कडी वाळली की गॅस रात्रीत निघून जातो. म्हणून नव्या पोरांना सांगतो, हंगामाआधी सगळ्या कड्या बदला. पाणी आधी गार करा, गार पाण्यातच गॅस नीट विरतो. आणि फ्रीज कुणाचा घेऊ नका, जुना का होईना, स्वतःचा घ्या.

2023 मध्ये रिलायन्सने कॅम्पा हे जुनं शीतपेय पुन्हा बाजारात आणलं, दहा रुपयांच्या बाटलीत. मोठ्या कंपन्यांच्या त्या लढाईत आम्ही कुठेच नाही, पण दुकानातली जागा आमचीच आकसते. त्यात 2017 ते सप्टेंबर 2025 गोड सोड्यावर 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के सेस (उपकर) होता, 2019 मध्ये कंपोझिशनची, म्हणजे छोट्या धंद्यांना उलाढालीवर थोडाच ठरावीक कर भरू देणारी सवलतही गेली. जगभर माल विकणारी कंपनी आणि पत्र्याच्या शेडमधले आम्ही, दोघांना एकच दर. छोट्या सोडावाल्यांसाठी वेगळा दर हवा, हे मी व्यापाऱ्यांच्या प्रत्येक बैठकीत उभं राहून बोलतो आणि बोलत राहणार.