निपाणी यायच्या आत

शुक्रवार, रात्र

उद्या कोल्हापूरला ब्रिजची पेअर्स स्पर्धा (जोड्यांची), परवा टीम्स (संघांची). दोन दिवस, दोन वेगळे भिडू. बेळगावातून गाडीनं जेमतेम दोन तास, ११० किलोमीटरच्या आसपास. नव्या भिडूबरोबर जे ठरवायचं ते याच वाटेवर ठरतं. माझ्या मते ते निपाणी यायच्या आत ठरावं. त्यानंतर सुचलेली कुठलीही नवी पद्धत कार्डावर (ठरलेल्या बोलींच्या यादीवर) चढवू नये, कारण ती टेबलावर एकालाच आठवते.

काकती मागं पडेपर्यंत सोपं उरकतं. वन नो ट्रंप (बिनहुकमी बोली) मोठ्या पानांच्या १५ ते १७ पॉइंटांवर, मेजर (इस्पिक-बदाम) पाच पानांची, वीक टू (कमजोर हाताची दोनची बोली) म्हणजे सहा पानं आणि ६ ते १० पॉइंट, स्टेमन (भिडूला चार पानी मेजर विचारणं), ट्रान्स्फर (खालचा रंग बोलून वरचा दाखवणं, टू हार्ट म्हणजे इस्पिक). यावर कुणाचं दुमत नसतं, म्हणून सगळं ठरलं असं वाटतं. खरा प्रश्न पुढं आहे: मध्ये समोरचे (विरोधी जोडी) बोलले तर?

वन नो ट्रंपवर समोरच्यांचं डबल (हिशेब वाढवणारी बोली) पडलं. भिडूकडं पाच इस्पिक, दोन बदाम, चार पॉइंट. ट्रान्स्फर समजून तो टू हार्ट टाकतो. डबलनंतर सगळं नॅचरल (बोलला तोच रंग) असं ओपनरच्या (पहिली बोली देणाऱ्याच्या) डोक्यात, म्हणून तो पास. त्याच्याकडंही बदाम दोनच; हुकमाची नऊ पानं समोरच्यांकडं. डबल होऊन तीन खाली म्हणजे व्हल्नरेबल (दंड आणि बोनस जास्त असलेली स्थिती) नसताना ५००. टू स्पेड खेळून आठ हात झाले असते तर आपल्याला ११०. समोरच्यांना गेम (बोनस मिळवणारी मोठी बोली) करूनही ४२० मिळाले असते, त्यामुळं पेअर्समध्ये, जिथं इतर जोड्यांशी तुलना होते, हा बोर्ड (डाव) भोपळाच. एक वाक्य ठरलं की भागतं: डबल झालं तर ट्रान्स्फर चालू, समोरच्यांनी रंग बोलला तर बंद. उलटंही चालेल, पण दोघांचं एकच हवं.

यानंतर ब्लॅकवुड, म्हणजे स्लॅम (बारा-तेरा हातांची बोली) बोलण्याआधी भिडूला एक्के विचारायची पद्धत. ‘की-कार्ड खेळू’ एवढ्यावर थांबलेलं बोलणं सगळ्यात महाग पडतं. चार एक्के आणि हुकमाचा राजा मिळून पाच की-कार्ड. फाइव्ह क्लब या उत्तराचा अर्थ १४३० या पद्धतीत एक किंवा चार, ३०१४ या पद्धतीत शून्य किंवा तीन. विचारणाऱ्याकडं दोन आहेत, उत्तर देणाऱ्यानं एक दाखवलं, वाचणाऱ्यानं तीन वाचले. पाचही आपलीच समजून स्लॅम बोलला जातो आणि दोन बाहेर! व्हल्नरेबल असताना फोर स्पेडला अकरा हात म्हणजे ६५०. सिक्स स्पेड एक खाली म्हणजे उणे १००. फरक ७५०, टीम्समध्ये १३ इंप (फरकावरून मिळणारे गुण). गाडीत हे ठरवायला दहा सेकंद लागतात.

बचावात तर आणखी बारीक. उतारी बदामाच्या एक्क्याची, हातात राजाही आहे. भिडूकडं सत्ती-दुर्री अशी दोनच पानं. नेहमीच्या पद्धतीत तो आधी सत्ती टाकतो: राजा वाजवा, तिसऱ्या फेरीला मी हुकमानं मारतो. उलटे सिग्नल खेळणारा आधी दुर्री टाकतो, अर्थ तोच. पण उतारी करणारा नेहमीच्या पद्धतीचा असला तर दुर्री म्हणजे ‘नको’ समजून तो रंग बदलतो. डिक्लेअरर (ठरलेली बोली खेळणारा) हुकूम काढून घेतो आणि होणारा हात जातो. दोन्ही पद्धती चांगल्या, मिसळल्या की घात.

म्हणून कार्ड छोटं ठेवायचं. २०१८ च्या आशियाई खेळांत जकार्त्याला सुवर्ण मिळवणारे प्रणव बर्धन आणि शिवनाथ दे सरकार वर्षानुवर्षं एकत्र खेळलेले. तशी समज दोन तासांत येत नाही; आपण दोन तासांत पेलेल तेवढंच घ्यावं.

शनिवारची सवय रविवारी मोडावी लागते, हेही आलंच. पेअर्समध्ये फोर हार्टचे ४२० आणि थ्री नो ट्रंपला दहा हात होऊन ४३० या दहाच्या फरकावर अर्धं फील्ड (स्पर्धेतल्या जोड्या) मागं पडतं, म्हणून जादा हातासाठी झटायचं. टीम्समध्ये तो फरक शून्य इंप. तिथं काँट्रॅक्ट (ठरलेली बोली) वाचवायचं. व्हल्नरेबल गेम झाला तर साधारण १० इंप मिळतात, बुडाला तर ६ जातात, म्हणून चाळीस टक्क्यांच्या आसपासचा गेमही बोलायचा. परवाच्या भिडूला हे आधी विचारायलाच हवं, त्याचा शनिवारही पेअर्समध्येच जाणार.

एवढं करूनही समोरच्यांनी विचारल्यावर भिडू आपल्या बोलीचा चुकीचा अर्थ सांगेलच कधीतरी. आपल्या इकडच्या टेबलावर कानडी-मराठी मिसळून बोलणं चालतं, तेव्हा समोरच्यांना अर्थ नीट कळला का हेही बघायचं. ठरलेलं नसेल तर अंदाज न सांगता सरळ म्हणावं, ‘अण्णा, हे आमचं ठरलेलं नाही.’ भिडूनं चुकीचं सांगितलं आणि आपली बाजू खेळणार असेल, तर शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीआधी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून दुरुस्त करायचं. बचावात असलो तर डाव संपेपर्यंत गप्प, चेहऱ्यानंसुद्धा काही दाखवायचं नाही. संपल्यावर मग डायरेक्टर.

बोर्ड बिघडला की तिथंच ‘तुम्ही असं का केलंत’ सुरू करू नये, पुढचा बोर्डही जातो. स्कोअरकार्डावर त्या नंबरापुढं पेन्सिलनं ठिपका द्यायचा. ठिपक्यांचं बोलणं परतीच्या वाटेवर, तवंदी घाट चढताना.