डलिचवाडीचा एक हंगाम

लंडनच्या एका लहानशा फुटबॉल मैदानावर मध्यंतराची शिट्टी झाली आणि आमच्या आजूबाजूची सगळी माणसं चालायला लागली. भाचा म्हणाला, "मामा, संपली काय मॅच?" क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण दाराकडे कुणीच जात नव्हतं. हातात बिअरचे प्लास्टिकचे ग्लास, खांद्यावर पोरं, एकाच्या काखेत कुत्रं, असा तो जथा मैदानाच्या कडेकडेने दुसऱ्या गोलच्या मागे निघाला होता. पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत आपला संघ ज्या बाजूला गोल मारणार त्या बाजूला आपण उभं राहायचं, एवढाच हिशोब. पाहुण्या संघाची माणसं समोरून येत होती. दोन्हीकडून टोमणे झाले, एकाने दुसऱ्याच्या मफलरीला हात लावून नाक मुरडलं, आणि सगळे हसत हसत एकमेकांना ओलांडून गेले. मध्ये ना पोलीस, ना जाळी.

मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर असताना चुकून दुसऱ्या पेठेच्या लोकांत बसलो, तर घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. त्यामुळे ही अदलाबदल बघून मी गारच झालो. भाचा मात्र अर्ध्या तासात रुळला. "आपल्या पेठेगतच हाय की हे," म्हणाला. तेच खरं निघालं, आणि त्यापायी ऑगस्ट ते एप्रिल आमचे बहुतेक शनिवार खर्ची पडले.

क्लबचं नाव डलिच हॅम्लेट. त्या डेन्मार्कच्या राजपुत्राचा इथे काही संबंध नाही. हॅम्लेट म्हणजे छोटी वस्ती, म्हणजे आपल्या भाषेत डलिचवाडी. दक्षिण लंडनमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी १८९३ मध्ये लोरेन विल्सन या गृहस्थांनी क्लब काढला. लोक त्यांना 'पा' म्हणायचे. रंग गुलाबी आणि गडद निळा. इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत ९२ क्लब. त्यांच्या खालचं जे अफाट जग आहे ते नॉन-लीग. डलिच सध्या इस्थमियन लीगच्या प्रीमियर विभागात, म्हणजे वरून मोजलं तर सातव्या पायरीवर. ही लीग १९०५ ची, आणि डलिच त्यात १९०७ मध्ये आला. खेळाडूंना थोडेफार पैसे मिळतात, पण बहुतेकांची सोमवारी सकाळी दुसरी नोकरी असते.

एके काळी मात्र या वाडीचा दरारा होता. हौशी क्लबांसाठी असलेला एफए अमॅच्युअर कप त्यांनी १९२०, १९३२, १९३४ आणि १९३७ असा चार वेळा जिंकला. १९३३ च्या अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्याला डलिचच्या चॅम्पियन हिल मैदानावर वीस हजारांच्या वर माणूस होता, तोही दुसऱ्याच दोन क्लबांचा सामना बघायला. आणि एडगर केल! शाळकरी वयात क्लबात आला, शेवटपर्यंत पैसे घेऊन खेळला नाही, क्लबसाठी चारशेच्या वर गोल केले. १९२९ मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघातून तीन सामने खेळला. त्यातला एक माद्रिदचा, जिथे स्पेनने इंग्लंडला ४-३ हरवलं आणि ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंड पहिल्यांदा हरलं. नॉन-लीग क्लबात असताना इंग्लंडकडून खेळलेल्या शेवटच्या मोजक्या माणसांतला तो एक. मैदानाच्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे आणि प्रेक्षक अजून त्याच्या नावाने गातात. नव्वदएक वर्षांपूर्वी खेळणं सोडलेल्या माणसाचं नाव दहा वर्षांची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, हे ऐकायला तरी एकदा जावं.

आपल्याला जवळची वाटेल अशीही एक गोष्ट आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा एक फुटबॉल सामना चॅम्पियन हिलवर झाला. २ ऑगस्टला दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं. त्याच फेरीत, दोनच दिवस आधी, पूर्व लंडनच्या इलफर्डला आपला भारताचा संघ फ्रान्सशी खेळला होता. आपले बरेच खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या आणि २-१ ने हरलो. ही गोष्ट मी भाच्याला गोलमागे उभं राहून सांगत होतो, तर शेजारचे म्हातारबाबा, ज्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, 'मेक्सिको' आणि 'कोरिया' ऐकून वळले आणि त्यांनीच पुढची गोष्ट सांगितली: पुढच्या सामन्यात स्वीडनने याच कोरियाला १२-० ने धुतलं.

आता जायचं कसं ते सांगतो. लंडन ब्रिजवरून ईस्ट डलिच स्टेशन, पंधरा मिनिटांच्या आत. झोन दोन, कार्ड टॅप करून जाता येतं. स्टेशनवरून मैदान पायी पाच-सात मिनिटं. सुपरमार्केट दिसलं की पोचलात, कारण जुनं मैदान पाडल्यावर त्या जागेच्या एका भागावर ते उभं राहिलं आणि शेजारी १९९२ मध्ये आताचं मैदान आलं. शेजारच्या चढाच्या रस्त्याचं नाव डॉग केनेल हिल. पार्किंगच्या भानगडीत पडू नका. शनिवारी लवकर पोचलात तर नॉर्थ क्रॉस रोडचा बाजार बघा, पोट तिथेच भरा. मैदानातही खायला मिळतं, पण मध्यंतरात रांग एवढी लागते की दुसऱ्या अर्ध्याची पहिली दहा मिनिटं जातात. तिकीट आधी ऑनलाइन काढा. सातव्या पायरीवरचा क्लब, गर्दी कुठली, असं मला वाटलं होतं. पण इथे हजारांनी माणूस येतो आणि मैदान लहान आहे.

बिअरचं असं आहे की वरच्या पाच विभागांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. त्याच्या खाली चालते. आम्ही दोघं चहावाले. त्यामुळे आम्हाला फरक एवढाच की डिसेंबरात चहा दोन मिनिटांत गार होतो, थर्मास न्यावा. थंडीबद्दल बढाया मारू नका. आत थर्मल, जाड मोजे, कानटोपी. तीनचा सामना, पण डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य बुडतो आणि उरलेला सामना दिव्यांत होतो. काँक्रीटच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की थंडी तळपायातून चढते. भाचा पहिल्यांदा स्नीकर घालून आला. दुसऱ्यांदा नाही आला.

उभं कुठे राहायचं? मुख्य स्टँडच्या समोरच्या बाजूला 'टॉयलेट्स ऑपोझिट' म्हणजे 'प्रसाधनगृह समोर' अशी पाटी होती, आणि प्रेक्षकांनी त्या जागेचं नावच ते करून टाकलं. असल्या खोडसाळ विनोदावर या क्लबचं अर्धं चालतं. गोलमागची माणसं कॉर्नर मिळाला की खिशातल्या किल्ल्या काढून खुळखुळवतात. मी ऑफिसच्या किल्ल्या वाजवल्या. आवाज कमी पडला. भाच्याने वसतिगृहाच्या, सायकलच्या आणि कोल्हापूरच्या घराच्या अशा तीन जुडग्या एकत्र वाजवल्या आणि आजूबाजूला त्याचं वजन वाढलं.

या लोकांना एवढं हसू कुठून येतं, असा प्रश्न मला पडायचा, कारण क्लबवर आलेली वेळ हसण्यासारखी नव्हती. मार्च २०१८ मध्ये जागेच्या मालक विकासकाशी फाटलं आणि क्लब स्वतःच्या मैदानाबाहेर पडला. क्लबच्या नावावरच ट्रेडमार्कचा दावा झाला. ज्यांनी सव्वाशे वर्षं ते नाव चालवलं त्यांनाच ते वापरू नका म्हणायची पाळी. तेव्हा आसरा कुणी दिला, तर टूटिंग अँड मिचम या जुन्या प्रतिस्पर्ध्याने. त्यांच्या मैदानावर खेळत डलिचने मे २०१८ मध्ये बढतीसाठीच्या प्लेऑफची अंतिम लढत पेनल्टीवर जिंकली आणि वरच्या विभागात गेला. डिसेंबर २०१८ मध्ये घरी परतला. वरती पाच हंगाम काढून २०२३ मध्ये पुन्हा खाली आला. आम्ही विचारलं की खाली आल्याचं वाईट वाटलं का, तर एक बाई म्हणाल्या की घर गेलं होतं तेव्हा वाईट वाटलं, हे तर नुसतं गुणतक्त्यातलं आहे.

घरचे सामने कुणीही बघेल. खरी मजा बाहेरगावी आहे. तिघं ते नऊ जण एकत्र जात असाल तर रेल्वेचं ग्रुपसेव्ह घ्या, गर्दीच्या वेळा सोडून एक तृतीयांश सूट मिळते. दोघंच असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड. वर्षात तीन-चार फेऱ्यांत पैसे वसूल.

एकच दौरा करायचा असेल तर लुईस या गावाचा करा. व्हिक्टोरियावरून साधारण तासाभराचा प्रवास, आणि मैदान स्टेशनवरून पाच मिनिटं. नाव 'ड्रिपिंग पॅन'. जमीन खोल, भोवती गवताचे उंच बांध, त्या बांधांवर उभं राहून खाली सामना बघायचा. रंकाळ्याच्या काठावर बसून पाण्याऐवजी मैदान बघतोय असं वाटलं. याच लुईसने २०१७ मध्ये पुरुष आणि महिला संघांना सारखं मानधन द्यायचं ठरवलं. डलिचचाही महिला संघ २०१९ पासून आहे, त्यांचा सामनाही चुकवू नका. फक्त ५ नोव्हेंबरला लुईसच्या वाटेला जाऊ नका. त्या रात्री गावात होळ्यांच्या मिरवणुका असतात, रस्ते बंद होतात आणि गाड्याही तिथे थांबत नाहीत.

हेस्टिंग्जला जाताना मी नकाशा उघडला आणि मैदानाचा पत्ता वाचून मोठ्याने हसलो. पायलट फील्ड, एल्फिन्स्टन रोड. परळला नोकरी करताना सहा वर्षं मी एल्फिन्स्टन रोडला उतरलो. मुंबईत त्या स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, आणि इथे इंग्लिश खाडीच्या काठावर एल्फिन्स्टन रोड जसाच्या तसा. मुंबईचा सपाट होता, हा मात्र चढ आहे. स्टेशनवरून चालत अर्धा तास धरा, दमा असेल तर बस घ्या. मैदानाचा जुना स्टँड बघण्यासारखा आहे. चढ चढून आलेल्याला तिथे बाकावर बसता येतं, हा त्याचा मोठा गुण.

कार्शल्टन जवळचं, लंडनच्या हद्दीतच. गावाच्या मधोमध तळी, बदकं. सामना कंटाळवाणा झाला तरी दिवस फुकट जात नाही. कॅन्वी आयलंडला बेनफ्लीटपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. रात्रीच्या सामन्यानंतर बसची वेळ आधी बघून ठेवा.

फोकस्टनचं प्रकरण माझ्या गाढवपणाचं आहे. जानेवारी, रात्रभर कडक थंडी. सेंट पँक्रसवरून वेगवान गाडीने तासाभरात पोचतो म्हणून आम्ही सकाळीच निघालो. अर्ध्या वाटेत भाच्याने फोन पुढे केला: मैदान गोठलं, सामना रद्द. या पायरीवर गवताची मैदानं म्हणजे पावसाची आणि हिमाची मर्जी. पंच सकाळी येऊन जमीन तपासतो आणि मग निर्णय होतो. त्या तपासणीची बातमी क्लबच्या खात्यावर येईपर्यंत घरून हलू नये, हे त्या मफलरवाल्या प्रत्येकाला माहीत होतं, आम्हालाच नव्हतं. दिवसभर बंदरावर वाऱ्यात बसून चिप्स खाल्ल्या. रद्द झालेला सामना पुढे मंगळवारी रात्री पावणेआठला ठेवला, आणि मंगळवारी मला रजा नव्हती. भाचा एकटा गेला. तोच म्हणे हंगामातला सगळ्यात भारी सामना झाला. यावर माझा विश्वास नाही.

फिरायला येणाऱ्यांसाठी एवढंच, की हंगाम ऑगस्ट ते एप्रिलअखेर असतो आणि वेळापत्रक साधारण जुलैत लागतं. ऑगस्टच्या उन्हात आलात तर एफए कपच्या पात्रता फेऱ्याही हाच काळ. वेंबलीच्या अंतिम सामन्याची वाट अशा मैदानांवरूनच सुरू होते, आणि इथला सामना तुम्ही हात लांब केला तर खेळाडूच्या खांद्याला लागेल एवढ्या जवळून बघता. थ्रो घेणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. पंचाला दिलेली शिवीही पंचाला नीट ऐकू जाते. एकदा तर तो वळून म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं, पण निर्णय झाला."

आणि एक. दारातून आत आलात की धावत जाऊन गोलमागची पहिली रांग पकडू नका. नाणेफेक होऊ द्या. समोरच्या कर्णधाराने जिंकून बाजू बदलली की तुम्ही एकटेच चुकीच्या गोलमागे उरता, आणि आख्खी डलिचवाडी तुमच्यासमोरून, तुमच्याकडे बघत, दुसऱ्या टोकाला चालत जाते. आमच्याबरोबर दोनदा झालंय.