उणे पाच

अमेरिकन कंपन्यांचे तिमाही निकाल वाचून आकडे मॉडेलमध्ये भरायचे, हे माझं काम. त्यामुळे दिवस एडगरवर जातो. ही एसईसीची, म्हणजे अमेरिकी शेअर बाजाराच्या नियामकाची, साइट फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, पण कंपनीनं दाखल केलेला मूळ कागद तिथेच सापडतो.

त्या कंपनीचं प्रेस रिलीज आधीच येऊन गेलं होतं. विक्री वाढली, नफा वाढला, सीईओ अत्यंत समाधानी (ते कायमच असतात). त्यात नफातोटा होता, ताळेबंद होता, कॅश फ्लोचा, म्हणजे प्रत्यक्ष रोकड किती आली-गेली याचा, तक्ता मात्र नव्हता. मीही टिपणाला ‘दमदार तिमाही’ असं शीर्षक देऊन कॅश फ्लोची ओळ रिकामी सोडली होती.

टेन-क्यू, म्हणजे एसईसीकडे दाखल करायचा तिमाही अहवाल, आला तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी. मोठ्या कंपन्यांना तिमाही संपल्यापासून 40 दिवस मिळतात, छोट्यांना 45. कामकाजातून आलेली रोकड 41 दशलक्ष डॉलर. भरला आकडा. आलेखानं टुणकन उडी मारली आणि मला ती खरीही वाटली, कारण डोक्यात ते प्रेस रिलीज बसलं होतं.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. ‘‘अगं, रकान्यावर काय लिहिलंय?’’

नऊ महिने.

टेन-क्यूमध्ये नफातोटा तिमाहीचाही असतो आणि वर्षाच्या सुरुवातीपासूनचाही. कॅश फ्लो सहसा सुरुवातीपासूनचाच देतात. नुसती तिमाही हवी असेल तर आधीचा टेन-क्यू उघडून वजाबाकी करायची. हे मला पाठ होतं, म्हणूनच जास्त लाज वाटली.

जूनची फाइल उघडली. सहा महिन्यांचे 46.

41 वजा 46. चिन्ह चुकलं असेल म्हणून सूत्र पुन्हा पाहिलं. उणे 5च. नफा वाढलेल्या तिमाहीत कामकाजातून रोकड आली नव्हती, उलट गेली होती.

मग येण्यांकडे, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या बाकी पैशांकडे, वळले. ताळेबंदात काही खटकत नव्हतं, पण तिथे शेजारचा रकाना असतो मागच्या वर्षअखेरीचा, म्हणजे डिसेंबरचा, आणि डिसेंबरात या कंपनीची येणी दरवर्षीच फुगलेली असतात. जूनचा ताळेबंद शेजारच्या स्क्रीनवर लावला, तेव्हा सूज दिसली. व्यवस्थापनाच्या विवेचनात, रोकडीच्या परिच्छेदात अर्धं वाक्य होतं: तिमाहीच्या अखेरीस माल जास्त रवाना झाल्यामुळे येणी वाढली. माल गेला, विक्री धरली, पैसे यायचे होते.

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, ‘‘मॅडम, हे लपवलंय त्यांनी.’’

‘‘लपवलं असतं तर तू वाचलं कुठून? उधारी आहे ती. उधारी म्हणूनच लिही. पुढच्या तिमाहीत वसूल झाली का, ते बघू.’’

शीर्षक खोडलं, टिपण नव्यानं लिहिलं. निघण्याआधी, सहजच, माझ्याकडच्या बाकीच्या कंपन्यांची कॅश फ्लोची ओळ मागे मागे सरकवत गेले. एका कंपनीच्या गेल्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत तशीच उडी होती. आकडा भरणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं. तो आकडा दोन अहवालांतून ग्राहकांकडे गेलेला होता.

मॅडम अजून जागेवर होत्या. लॅपटॉप तसाच उघडा घेऊन उठले.