टेप बंद होती तेव्हा काय झालं?

परवा एका मित्राशी वाद झाला, त्याचं म्हणणं सिंपल होतं, माणूस स्वतःच गुन्हा कबूल करतोय तर कोर्टाला अजून काय पाहिजे. मी म्हटलं बाबा रे, कबूल केलं हे सांगतंय कोण? पोलीसच ना! रेकॉर्डिंग नसेल तर "चाकू विहिरीत टाकलास ना?" "हं" एवढंच बोलणं कागदावर "मी चाकू विहिरीत टाकला" असं उतरतं आणि मग सगळे म्हणतात, बघा, याला विहीर कशी माहीत!

अमेरिकेतल्या अलास्का राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलं की कोठडीतली चौकशी रेकॉर्ड करणं शक्य असून केली नाही, तर तो जबाब साधारणपणे पुराव्यात घ्यायचा नाही. भारतात तर पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध चालतच नाही, फक्त त्यातून एखादी वस्तू वगैरे सापडली तर तेवढाच भाग चालतो (आणि खरी गंमत तिथेच असते, विहीर आधी कोण म्हणालं, तो की पोलीस?).

साक्षीदाराचं त्याहून अवघड. आधी म्हणाला "लाल शर्टवाला", कोर्टात म्हणतो "अंधार होता, दिसलं नाही". आता खरं कुठलं? बऱ्याच ठिकाणी जुना जबाब फक्त त्याला खोटं पाडायला वापरतात, पण कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये म्हटलं की तो शपथेवर दिलेला असेल, व्हिडिओ असेल आणि आता उलटतपासणी घेता येत असेल तर तोच खरा धरता येईल. मला हे पटतं, कारण निदान चेहरा तरी बघायला मिळतो. मित्र अजून "पण कबूल केलंच ना" वरच अडकलाय.