अर्धी गोळी आणि पावणेदोन तास

"आता ठणका नाय ऱ्हायला, मॅडम. इंचू उतरला," असं आजीने सांगितलं आणि मी उघडलेला जेवणाचा डबा तसाच बंद करून उठले.

कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात काही वर्षं काढली की एक गोष्ट अंगात मुरते. विंचू चावलेला माणूस बोंबलत आला तर बहुतेक वेळा तो सकाळी चालत घरी जातो. ठणका नाही, अंग घामाने निथळतंय, ओकाऱ्या होताहेत आणि हातपाय गार आहेत, असा पेशंट आला की माझ्या पोटात गोळा येतो. ही सात वर्षांची बाय तशीच आली होती. भातकापणीचे दिवस. संध्याकाळी पाचच्या सुमारास भारे उचलताना बोटाला डंख झाला. आधी भगताकडे नेलं, मग वाटेतल्या एका दवाखान्यात. तिथे सलाईन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं, हे चिठ्ठीवरून कळलं. माझ्यासमोर ती आली तेव्हा रात्रीचे ९.४० झाले होते.

मी तिचा पंजा हातात घेतला. मनगटापर्यंत बर्फ. नाडी १५०, रक्तदाब तिच्या वयाला शोभणार नाही इतका वर. छाती मात्र स्वच्छ. म्हणजे दुसरी पायरी: विष अंगभर गेलंय, फुफ्फुसात पाणी अजून नाही.

तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंची सोडियमची दारं उघडी ठेवतं आणि शरीर स्वतःच्याच ॲड्रेनलिनमध्ये बुडतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं आणि फुफ्फुसात पाणी साचतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. महाडच्या डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसच्या आसपास दगावत. नंतरच्या त्यांच्या नोंदींत हा आकडा एकापर्यंत खाली आला. हा आधीच्या आणि नंतरच्या काळाचा हिशेब आहे, कोणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी नव्हे, हे मला माहीत आहे. पण तिसाचा एक होतो तेव्हा मी गोळी हातात घेते आणि वाद नंतर घालते.

गोळीबद्दल एक सांगायलाच हवं. किलोला ३० मायक्रोग्रॅम हा डोस. बायचं वजन १८ किलो, म्हणजे ५४०. एक मिलिग्रॅमची साधी गोळी अर्धी केली की जवळजवळ तेवढाच. आमच्या भांडारातून मात्र येते ती अडीच मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी. ती मोडायची नसते, कुटायची नसते, आणि अख्खी लहान मुलाला देता येत नाही. मी तीनदा लेखी कळवलं. तीनदा तीच गोळी आली, कारण यादीत 'प्राझोसिन' एवढंच लिहिलेलं आहे आणि यादी करणाऱ्याने विंचू चावलेलं मूल कधी पाहिलेलं नाही. म्हणून साध्या गोळ्यांची एक पट्टी मी स्वतःच्या पैशाने घेऊन ड्रेसिंग ट्रॉलीच्या खणात ठेवते. त्या रात्री त्यातली अर्धी कुटून, पाण्यात कालवून नळीतून पोटात सोडली. वेळ ९.५०. सिस्टरने आजीला तीनदा बजावलं की पोरीला उठवून मांडीवर घेऊ नका, झोपूनच राहू दे. पहिल्या डोसनंतर उभं धरलं तर दाब धाडकन खाली येतो.

आता प्रश्न होता प्रतिविषाचा, म्हणजे विष मारणाऱ्या इंजेक्शनचा. फ्रीजमध्ये हाफकिन संस्थेच्या प्रतिविषाच्या कुप्या होत्या. सोबत ड्युटीवर असलेला नवा डॉक्टर हुशार आहे, वाचतो. तो म्हणाला, "मॅडम, देऊन टाकू. २००९ च्या न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आहे." मलाही तो पेपर ठाऊक होता. ॲरिझोनातली पंधरा मुलं. प्रतिविष मिळालेली आठच्या आठ चार तासांत बरी झाली, न मिळालेल्या सातांपैकी एकच. सुंदर काम. पण तिथला विंचू वेगळा. त्याच्या विषाने डोळे गरगर फिरतात, हातपाय झटकतात. आमच्या विंचवासारखं हृदय धरत नाही. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, १९९९ साली, प्रतिविषाचा काहीच फायदा दिसला नाही. पण तिथे सौम्य-गंभीर न बघता सरसकट दिलं होतं, आणि विंचू तिसराच. नुसता निष्कर्ष पाठ करून चालत नाही, कोणाच्या अंगावर तो काढला ते आधी बघायचं, असं मी त्याला नेहमी सांगते. त्या रात्रीही सांगितलं.

आमच्या विंचवाचा, आमच्या मातीतला पुरावा २०११ चा, महाडचाच, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला. सत्तर रुग्ण, पस्तीस-पस्तीस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२, नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना ठाऊक होतं, ही त्यातली उणीव. तरी ३२ आणि ८ मधलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. शिवाय रुग्ण घेतले ते फक्त दुसऱ्या पायरीचे. म्हणजे ९.४० वाजता बाय नेमकी त्या पेपरमध्ये बसत होती.

आणि मी थांबले.

कारणं होती. डंखाला जवळपास पाच तास होऊन गेले होते. सुटलेलं ॲड्रेनलिन प्रतिविषाने परत फिरत नाही. घोड्याच्या रक्ताच्या औषधाची रिॲक्शन आली तर द्यायचं ते ॲड्रेनलिनच, तेही आधीच त्यात बुडालेल्या मुलीला. वॉर्डात एक सिस्टर, आणि लेबर रूममध्ये एक बाई कळा देत होती. मला वाटलं, अर्धी गोळी काम करेल, हात गरम होतील, प्रतिविष लागणारच नाही. दर पंधरा मिनिटांनी मी तिचा पंजा धरून बघत होते.

११.२० ला ती खोकली. कोरडा, बारीक खोकला. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना खाली बुडबुडे, ऑक्सिजन ८८, दाब ८४. फुफ्फुसात पाणी आलं होतं. बाय पेपरच्या बाहेर गेली होती.

फोनवर जिल्ह्याचे वरिष्ठ म्हणाले, "रेफर कर." घाटातून तीन तास, फुफ्फुसात पाणी घेऊन. मी नाही म्हटलं, आणि तसं केसपेपरवर सही करून लिहिलं. मग म्हणाले, स्टेरॉइड रिपीट कर. ट्युनिशियातल्या त्याच मंडळींनी स्टेरॉइडचीही चाचणी केली आहे, उपयोग झाला नाही. पण हे त्यांना सांगायला त्या वेळी माझ्याकडे श्वास नव्हता.

थकलेल्या हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन सुरू करायचं ठरलं. सिरिंज पंप बिघडलेला. मग मायक्रोड्रिप सेट, ज्याचे साठ थेंब म्हणजे एक मिलिलिटर. शंभर मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम घातलं. किलोला मिनिटाला पाच मायक्रोग्रॅम हवे तर अठरा किलोला मिनिटाला अकरा थेंब. अकरा, ना बारा ना दहा. नवा डॉक्टर घड्याळ हातात धरून स्टुलावर बसला आणि पहाटेपर्यंत थेंब मोजत राहिला. त्याच्याइतकं चिकाटीचं काम मी मोठ्या रुग्णालयांतल्या यंत्रांकडूनही पाहिलेलं नाही. फुफ्फुसातल्या पाण्यासाठी डोकं उंच हवं आणि दाब पडतोय म्हणून आडवं. शेवटी उशाशी एक घडी घातलेली चादर ठेवली आणि दर पाच मिनिटांनी दाब घेतला.

११.३५ ला प्रतिविष सुरू केलं. या पायरीला ते द्यावं असं माझ्या हातातला कोणताही पेपर सांगत नव्हता. देऊ नये असंही सांगत नव्हता. रिॲक्शन आली नाही. दाब ९६ वर स्थिरावला तेव्हा, एकच्या सुमारास, प्राझोसिनची दुसरी अर्धी गोळी दिली.

साडेचारला आजीच म्हणाली, "मॅडम, बायचा हात ऊन लागतोय." मी धरून बघितला. आधी हात, मग अर्ध्या तासाने पाय. चौथ्या दिवशी बाय घरी गेली.

पुढच्या बैठकीत ही केस मी मांडली. एकजण म्हणाला, प्रतिविषाने वाचली, आता सगळ्यांना देत जाऊ. दुसरा म्हणाला, डोब्युटामिनने वाचली, प्रतिविष वाया गेलं. दोघेही ठामपणे बोलत होते आणि दोघांपाशी पुरावा म्हणून तीच एक मुलगी होती. एका मुलीला चार गोष्टी पाठोपाठ दिल्या तर कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

मला सतावतं ते ९.५० ते ११.३५. त्या पावणेदोन तासांत, खोकला येईपर्यंत, ती पेपरमधल्या पस्तिसांसारखीच होती आणि मी तिला दुसऱ्या पस्तिसांत टाकलं. कदाचित खोकला तरीही आला असता. मी भीतीला पुराव्याचं नाव दिलं का, हे मी केसपेपर काढून पुन्हा पुन्हा बघते. तिथे 'प्रतिविष तूर्त नको' असं माझ्या अक्षरात आहे आणि पुढे कारणाची जागा कोरी आहे.

परवा पुन्हा एक आला. बारा वर्षांचा मुलगा, जांभ्याचा गडगा रचताना डंख, घाम, गार हात, छाती स्वच्छ, डंखाला दोन तास. दुसऱ्या सिस्टरला लेबर रूममधून बोलावून घेतलं, ॲड्रेनलिन भरून उशाशी ठेवलं, आणि अर्ध्या गोळीऐवजी एक अख्खी गोळी कुटून होईपर्यंत नव्या डॉक्टरने फ्रीज उघडला होता. कारणाच्या रकान्यात मी या वेळी चार ओळी लिहिल्या.