वेस्ट रोडवरचं रोम

इंग्लंडमधल्या न्यूकासलला येऊन मला सहा वर्षं झाली. दर रविवारी पोहे, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणायला मी वेस्ट रोडवर जाते, आणि हा रस्ता हेड्रियनच्या भिंतीच्या रेषेवरून गेलाय हे मला पहिली दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही भिंत, इथल्या टाइन नदीपासून पार पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, ७३ मैल, म्हणजे साधारण ११७ किलोमीटर. रोमन साम्राज्याची उत्तरेकडची हद्द. पुढे अठराव्या शतकात इंग्रजांनी लष्करासाठी रस्ता केला तेव्हा भिंतीचेच दगड फोडून रस्त्यात घातले, काही चर्चमध्ये गेले, काही शेतकऱ्यांच्या गोठ्यांत. म्हणजे आपल्याकडे पडक्या गढीचे चिरे जसे गावभर सापडतात ना, तसंच.

त्याच भागात, बेनवेलला, चार घरांच्या मधे एका छोट्या देवळाचा पाया आहे. देवाचं नाव अँटेनोसिटिकस. हा देव बेनवेल सोडून जगात कुठेच सापडलेला नाही! रोमन सैन्य इथे आलं, त्यांचे ज्युपिटर-मार्स वगैरे मोठे देव होतेच, पण ज्या मातीत राहायचं तिथल्या देवालाही त्यांनी नमस्कार केला, नवस बोलले. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाचा म्हसोबाच आठवला.

घरून फोन आला की सगळे विचारतात, रोमला जाऊन आलीस का गं? आले. चार दिवस होते, कलोसियम बघितलं, पँथिऑनच्या घुमटाखाली मान दुखेपर्यंत वर बघत उभी राहिले, भव्य आहे, डोळे दिपतात. पण ज्या रोमने मला धरून ठेवलंय ते मला इथे भेटलं, माळावरच्या चिखलात, विंडोलँडा नावाच्या जागी.

न्यूकासलहून हेक्समला ट्रेनने यायचं आणि तिथून सीझनमध्ये भिंतीच्या कडेने एक बस जाते, तिचा नंबरच एडी १२२ आहे, म्हणजे इ.स. १२२. विंडोलँडा भिंतीच्या थोडं दक्षिणेला, भिंतीच्याही आधीचा किल्ला. सुरुवातीला सगळं लाकडी होतं. एक तुकडी जायची, दुसरी यायची, जुनं पाडून त्यावर माती-गवताचा थर दाबून नवीन बांधायचे. त्यामुळे खालचा कचरा ओल्या मातीत असा गच्च बंद झाला की हवाच पोचली नाही, आणि कुजायच्या सगळ्या वस्तू, चामडं, लाकूड, कापड, १९०० वर्षं टिकल्या. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना तिथे चर खणताना लाकडाचे पातळ पापुद्रे सापडले, एकमेकांना चिकटलेले. उघडले तर आत शाईने लिहिलेलं! हवा लागली आणि अक्षरं फिकी पडून गेली, मग आमच्या न्यूकासल युनिव्हर्सिटीत इन्फ्रारेड फोटो काढले तेव्हा ती परत दिसली. पोस्टकार्डाएवढ्या ह्या पट्ट्या, आतापर्यंत १७०० च्या वर निघाल्यात. बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही इथे आहेत.

आणि काय लिहिलंय त्यात? एकाला पार्सल आलंय, त्यासोबतची चिठ्ठी: मोज्यांचे जोड पाठवलेत, दोन जोड सँडल, दोन चड्ड्या. इतकं साधं. मी पहिल्या थंडीत इथे आले तेव्हा आईने कुरियरने लोकरीचे मोजे पाठवले होते आणि आत वहीच्या पानावर यादी, मोजे ४, मेतकूट १ पाकीट, चटणी १ डबा. ते पान अजून माझ्याकडे आहे. म्हणून त्या काचेसमोर मी किती वेळ उभी राहिले मलाच माहीत.

ऑक्टेव्हियस नावाचा एक व्यापारी आहे, धान्य आणि चामड्याचा. तो लिहितो की लवकर पैसे पाठव, नाहीतर मी दिलेला विसार बुडेल, आणि कॅटरिक गावी कातडी पडून आहेत, ती मी केव्हाच आणली असती पण रस्ते खराब आहेत, जनावरांचे हाल करायचे नव्हते. रोमन रस्ते म्हणजे जगात भारी असं शाळेत शिकलो, आणि हा माणूस पावसाळ्यातल्या आपल्या कुठल्याही गाडीवाल्यासारखा बोलतोय.

मी नर्स आहे, त्यामुळे मला सगळ्यात जवळची वाटते ती पट्टी वेगळीच. टुंग्रियन लोकांच्या पहिल्या कोहॉर्टचा, म्हणजे सैन्याच्या तुकडीचा, १८ मे चा हजेरीचा रिपोर्ट. एकूण ७५२. त्यातले ४५६ बाहेरगावी ड्यूटीवर, किल्ल्यात २९६. त्या २९६ मधले ३१ कामाला नालायक: आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. आमच्या वॉर्डात सकाळी साडेसातला हँडओव्हर होतो तेव्हा अगदी हेच चालतं, किती स्टाफ, किती रजेवर, किती दुसऱ्या वॉर्डात पाठवले, हातात राहिले किती. डोळे आलेले दहा जण! एकाच खोलीत झोपणारे असणार, एकाचे आले की सगळ्यांचे. कुणी त्यांच्या डोळ्यांत काय घातलं असेल, कुणी पाणी तापवून दिलं असेल, हे माझ्या डोक्यातून जातच नाही.

ही सगळी माणसं रोमची नव्हतीच, हे लक्षात घ्या. टुंग्रियन आत्ताच्या बेल्जियमच्या बाजूचे, बटेव्हियन आत्ताच्या नेदरलँड्समधले. बटेव्हियनांचा कमांडर सेरियालिस, त्याची बायको सुल्पिसिया लेपिडिना. तिला दुसऱ्या एका किल्ल्यावरच्या कमांडरच्या बायकोने, क्लॉडिया सेव्हेराने, वाढदिवसाचं आमंत्रण पाठवलंय, ११ सप्टेंबरला ये, तू आलीस तर तो दिवस मला जास्त गोड होईल. मजकूर लेखनिकाने सुबक अक्षरात लिहिलाय, आणि खाली कोपऱ्यात, वेगळ्या, जरा वेड्यावाकड्या अक्षरात सेव्हेराने स्वतः लिहिलंय: वाट बघते ताई, सांभाळून राहा, माझ्या जिवा. बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे काही जुन्यातलं जुनं आपल्यापर्यंत पोचलंय त्यात ह्या ओळी आहेत. पुरुषांनी भरलेल्या त्या किल्ल्यांमध्ये बोलायला आपल्यासारखी एक बाई, ती पण दुसऱ्या किल्ल्यावर. मला हे समजायला कुठलं पुस्तक लागलं नाही.

पण एक पट्टी वाचून मी त्या रात्री झोपले नाही. एका व्यापाऱ्याचा अर्ज आहे. त्याला छड्यांनी मारलंय, रक्त निघेपर्यंत, त्याचा माल ओतून टाकलाय. तो म्हणतो मी प्रीफेक्टकडे, म्हणजे किल्ल्याच्या कमांडरकडे, दाद मागायला गेलो तर ते आजारी, बाकीच्या अधिकाऱ्यांकडे गेलो, सेंच्युरियन लोकांना सांगितलं, काही उपयोग झाला नाही, म्हणून आता महाराज तुमच्याकडे विनवणी करतो, की मी समुद्रापलीकडून आलेला माणूस आहे, निर्दोष आहे, गुन्हेगारासारखा मार मला खायला लावू नका. समुद्रापलीकडून आलेला. हा शब्द त्याने मुद्दाम घातलाय. आणि हा मजकूर हिशोबाच्या पट्टीच्या मागच्या बाजूला, त्याच हिशोबाच्या अक्षरात आहे, म्हणजे कच्चा खर्डा. पक्का अर्ज गेला का, त्याला न्याय मिळाला का, काही नाही. मी नवीन असताना एका घराच्या एजंटाने माझं डिपॉझिट अडकवलं होतं, साडेचार महिने, फोन केला की साहेब सुट्टीवर, मेल केली की दुसऱ्या डिपार्टमेंटला विचारा. माझे पैसे शेवटी मिळाले, माझ्या पाठीवर वळ नव्हते, ती बरोबरी मी करत नाही. पण परक्या मुलुखात तक्रार घेऊन ह्या दारातून त्या दारात जाताना पोटात जे होतं ते त्या खर्ड्यात जसंच्या तसं आहे.

आणि हेही सांगायलाच पाहिजे की हे सगळं गुलामांच्या जिवावर उभं होतं. ह्याच पत्रांमध्ये गुलामांची नावं अशी सहज येतात, सामानाच्या यादीत वस्तू यावी तशी. रोमचं प्रेम करताना माझी जीभ तिथे अडते आणि ती अडलीच पाहिजे असं मला वाटतं.

आमच्या वॉर्डातला एक पोर्टर, इथलाच, पन्नाशीचा माणूस, ब्रेकमध्ये मार्कस ऑरेलियस वाचत असतो. हा सम्राट १६१ ते १८० पर्यंत गादीवर होता, साथीचा रोग, सीमेवर लढाया, आणि डॅन्यूब नदीकडच्या छावणीत बसून तो स्वतःसाठी ग्रीकमध्ये लिहायचा, की जे तुझ्या हातात नाही त्यासाठी जीव जाळू नकोस, सकाळी उठावंसं वाटत नसेल तर आठव की तू माणसाचं काम करायला उठतोयस. कोविडनंतर मी पोर्टरला विचारलं ह्याचा खरंच उपयोग होतो का, तर तो म्हणाला रात्री तीन वाजता होतो. मी पण वाचायला घेतलं, आजीच्या तोंडून ऐकलेलंच वाटलं बरंचसं. तरी मला विचाराल तर मी मार्कसपेक्षा त्या मोजेवाल्याकडे आधी जाईन.

आता आपल्याकडचा धागा. विंडोलँडाच्या एका हिशोबात गँबॅक्स नावाच्या शिपायाच्या नावापुढे लिहिलंय: मिरी, दोन डिनॅरियस, म्हणजे दोन रोमन नाणी. मिरी! ती यायची मलबारच्या किनाऱ्यावरून, मोसमी वाऱ्यावर जहाजातून तांबड्या समुद्रापर्यंत, मग अलेक्झांड्रिया, मग पुढे, पुढे, आणि शेवटी ह्या गारठलेल्या माळावर. आपल्या संस्कृतातला दीनार शब्द पण ह्याच डिनॅरियसवरून आलेला. मी कोल्हापूरची, आमच्याकडे पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास उत्खनन झालं तेव्हा समुद्राच्या देवाची, पोसायडनची, काशाची छोटी मूर्ती निघाली, ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत बघितली होती, बाईंनी सांगितलं होतं रोमहून आली, आम्ही पुढे पळालो तलवारी बघायला. तेव्हा थांबायला हवं होतं.

आणि चपला! माझ्या मामांचं चप्पल लाइनला दुकान आहे, माझं अर्धं लहानपण चामड्याच्या वासात गेलंय. विंडोलँडाला ५००० च्या वर चामड्याची पायताणं निघालीत, लहान मुलांची, बायकांची, खिळे ठोकलेले शिपायांचे बूट, एकाच तुकड्यातून कापून वादीने आवळायचे जोडे. जवळच्या मॅग्ना किल्ल्यावर २०२५ मध्ये ३२ सेंटिमीटरहून लांब तळ सापडला, तो पेपरमध्ये पण आला. पण माझा जीव एका बायकी सँडलवर आहे. अंगठ्याची आहे, आपल्या चपलेसारखी, नाजूक, तळावर वेलबुट्टीचे ठसे आणि करणाऱ्याच्या नावाचा शिक्का, लुसियस एब्युटियस थेल्स. म्हणजे आपल्या कामावर नाव उठवणारा कारागीर. अंगठ्याचा पट्टा तुटला म्हणून टाकून दिली असावी. लेपिडिनाची म्हणतात, तिच्याच घराच्या बाजूला मिळाली म्हणून.

मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. दुकान उघडं असताना मामा कधी फोन करत नाहीत, त्या दिवशी केला. म्हणाले, अगं, हा माणूस शिकलेला कारागीर हाय, ठसा बघ किती सारखा बसलाय, एवढ्या पातळ तळावर हात हलला की चामडं फाटतंय. मग म्हणाले, पट्टा तुटलेला न्हवं, बोटाजवळ झिजून गेलाय, बाई पायाची बोटं आवळून चालत असणार. मी म्हटलं मामा, इथे पाऊस आणि निसरडं लई आहे. तर म्हणाले, मग आवळणारच की.

टाइनच्या मुखाशी, साउथ शील्ड्सला, अजून एक दगड आहे जो मी पाव्हण्यांना दाखवतेच. रेजिनाची समाधी. ती इथल्याच ब्रिटनच्या दक्षिणेकडच्या कॅटुव्हेलॉनी जमातीची, आधी गुलाम, तिला पल्मायराच्या, म्हणजे सीरियातल्या, बरातेसने मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिला काय वाटत होतं हे विचारायची सोय नाही. ती ३० व्या वर्षी गेली. दगडात ती खुर्चीत बसलीये, मांडीवर चाती, बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, चेहरा तेवढा फुटलाय. खाली लॅटिन लिहिलंय, रीतीप्रमाणे, थोडं चुकीचं. आणि त्याच्या खाली एक ओळ पल्मायराच्या लिपीत, झरझर उतरलेली, जी ह्या गावात कितीजणांना वाचता येत असेल देव जाणे: रेजिना, बरातेसने मुक्त केलेली, हाय.

मे महिन्यात मामा येतायत, पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. हेक्समपर्यंतची ट्रेन आणि पुढची बस मी बघून ठेवलीये. त्यांनी फोनवर दोनदा विचारलं, काचेच्या बाहेरून तळाची कड दिसते का, टाके बघायचे आहेत.